जव्हार-मोखाड्यांत एक दिवस

आमच्या एकत्र कुटुंबांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत, आणि सहलीस कोठें जावें या प्रश्नावर अकरा जणांचें एकमत होणें हा एक दुर्मिळ योगच समजला पाहिजे. यंदा चैत्रांत तो आला. थोरल्या काकांस इतिहासाचें वेड. मुलांस डोंगर हवे. वहिनींस मुंबईच्या उकाड्यांतून एक दिवस तरी सुटका हवी. आणि आत्याबाईंची अट अशी कीं, रात्रीं निजावयास आपल्याच अंथरुणावर परत आलें पाहिजे. या साऱ्या अटींत बसणारें ठिकाण शोधतां शोधतां जव्हारचें नांव निघालें.

जव्हार हें आज पालघर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें दीड हजार फूट असून मुंबईपासूनचें अंतर दीडशें किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, त्यापूर्वीं जव्हार ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. आणि १९४८ पूर्वीं तर तें एका संस्थानाची राजधानी होतें. महादेव कोळी समाजांतील मुकणे घराण्यानें येथें सहाशें वर्षांहून अधिक काळ राज्य केलें. इतका दीर्घ काळ एकाच घराण्याकडे राहिलेली गादी आपल्या इकडे क्वचितच सांपडेल; तथापि शाळेंत असतांना आम्हांपैकीं कोणासही तिच्याविषयीं एक ओळसुद्धां वाचल्याचें स्मरत नव्हतें.

पहाटे पांचास आम्ही निघालों. आत्याबाईंनीं आपला फिरकीचा तांब्या घरच्या उकळून गार केलेल्या पाण्यानें भरून मांडीवर घेतला होता. बाहेरचें पाणी त्या घेत नाहींत. पोटास सोसत नाहीं, हें त्या सांगतात तें कारण. त्यामागें जुन्या सोंवळ्याचा अंश किती, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं, व त्यांनींही कधीं सांगितलें नाहीं. अहमदाबादच्या महामार्गानें मनोर, तेथून विक्रमगड, आणि पुढें चढणीचा वळणावळणांचा रस्ता. विक्रमगडच्या आसपास अलीकडे मोगऱ्याची लागवड पुष्कळ झाली आहे. वहिनी दादरच्या बाजारांत ज्या कळ्या मोजून घेतात, त्यांतल्या कित्येक याच वाटेनें खालीं जातात हें ऐकून त्यांस मोठें नवल वाटलें. चढण लागल्यावर हवेंत गारवा आला. मोहाच्या झाडांखालीं बायकामुलें वांकून फुलें वेंचीत होतीं.

आठच्या सुमारास जव्हारांत पोंचलों. दिवसभर सर्व दाखविण्याकरितां तेथील एका तरुणास आम्हीं आगाऊ ठरविलें होतें. तो जवळच्याच एका पाड्यावरचा. जव्हारच्या महाविद्यालयांत शिकलेला, बोलण्यांत मोकळा, पण लाघवी मुळींच नव्हे. नमस्कार होतांच त्यानें विचारलें, "तुम्हांला काय पाहायचें आहे?"

"राजधानी," काका म्हणाले.

"मग आधीं कातड्याची गोष्ट ऐका," असें म्हणून त्यानें बाजारांतून चालतां चालतांच सांगावयास आरंभ केला.

ही गोष्ट ठाणें जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरांतही नमूद आहे. पूर्वीं जव्हारचा मुलूख एका वारली नायकाकडे होता. त्याच्यापाशीं मुकणे घराण्याचे मूळ पुरुष जयाबा यांनीं बैलाच्या एका कातड्यांत मावेल एवढीच जागा मागितली. नायकानें ती आनंदानें दिली. मग जयाबांनीं त्या कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, एकीपुढें एक जोडल्या, आणि त्यांचा वेढा घालून सबंध जव्हार आपलेंसें केलें. काकांनीं लगेच सांगितलें कीं, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर कार्थेज नगर वसविणाऱ्या डिडो राणीविषयींही अगदीं हीच आख्यायिका आहे.

"असेल," वाटाड्या म्हणाला. "आमच्याकडे ही गोष्ट सगळे हंसत हंसत सांगतात. पण ज्याची जमीन गेली त्या वारल्याचें नांव मात्र कोणाला ठाऊक नाहीं."

यावर काकांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

जयाबांचे पुत्र नेमशहा यांस दिल्लीच्या सुलतानाकडून राजपदाची मान्यता मिळाली. तो दिवस ५ जून १३४३ हा मानीत, आणि त्या दिवसापासून मोजलेला एक स्वतंत्र शक संस्थानच्या कागदपत्रांत गेल्या शतकापूर्वींच्या शतकांतही चालू होता. इंग्रजी अमलांत संस्थानचें क्षेत्रफळ ३१० चौरस मैल होतें व राजांस नऊ तोफांच्या सलामीचा मान होता. नगरपालिका तर येथें १९१८ सालींच स्थापन झाली. गांवांतील जुना राजवाडा पाहून आम्ही 'जय विलास' राजवाड्याकडे गेलों. काजूच्या झाडींत, उंचवट्यावर उभी असलेली ही घुमटांची दगडी वास्तु शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनीं बांधविली. यशवंतरावांचा जन्म १९१७ चा. वयाच्या दहाव्या वर्षीं ते गादीवर आले. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं हवाई दलांत नोकरी केली. १९४८ मध्यें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढें ते लोकसभेवर निवडून गेले, आणि १९७८ मध्यें निवर्तले. एकाच आयुष्यांत राजा, वैमानिकांच्या दलांतील अधिकारी व लोकांचा प्रतिनिधि अशा तीन भूमिका वठविणारा हा पुरुष आम्हांस आजपर्यंत अपरिचित असावा, याची काकांस खरोखरच लाज वाटली.

तेथून हनुमान पॉइंटवर गेलों. द्रोणागिरि घेऊन जातांना मारुतिराय येथें क्षणभर विसांवले, अशी स्थानिक श्रद्धा आहे. कड्यावरून खालचें दरीखोऱ्यांचें रान दूरपर्यंत दिसतें. पावसाळ्यांत हें सर्व हिरवें असतें. त्या दिवशीं मात्र डोंगर करडे, गवत वाळलेलें, आणि ओढ्यांच्या जागीं पांढऱ्या दगडांच्या रेघा होत्या. धाकट्यानें विचारलें, "धबधबे कोठें आहेत?" वाटाड्या म्हणाला, "ते पावसाबरोबर येतात आणि पावसाबरोबर जातात. आम्ही तेवढे इथें राहतों."

दहाच्या पुढें उन्हें तापूं लागलीं तेव्हां शिरपामाळावर पोंचलों. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीस जातांना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर झाला, त्या वेळीं जव्हारचे राजे विक्रमशहा यांनीं त्यांचें स्वागत केलें, आणि महाराजांनीं त्यांच्या मस्तकीं मानाचा शिरपेंच चढविला, अशी परंपरा आहे. त्यावरूनच माळास हें नांव पडलें. वाटाड्यानें ही हकीकत अशा उमाळ्यानें सांगितली कीं, मुलें भारावून उभीं राहिलीं. परंतु काकांचा इतिहास त्यांस स्वस्थ बसूं देईना.

"पण १६७२ च्या जूनमध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं हेंच जव्हार जिंकून घेतलें," ते म्हणाले. "सतरा लाखांचा खजिना त्यांच्या हातीं लागला, असें जदुनाथ सरकार लिहितात. तें तुम्ही सांगत नाहीं!"

वाटाड्या हंसला. "काका, तुमच्या घरीं पाहुणा आला तर त्याला आधीं लग्नाचे फोटो दाखवितां कीं कोर्टाचे कागद?"

आम्ही सर्वच हंसलों, काकाही हंसले. परंतु थोड्या वेळानें तो आपण होऊनच म्हणाला, "मला ठाऊक आहे तें. मानही मिळाला आणि खजिनाही गेला. दोन्ही कशामुळें, तर आमचा गांव सुरतेच्या वाटेवर होता म्हणून. वाटेवरच्याला कोणी विचारून जात नाहीं."

त्यानंतर रामखिंड येथें सोंगांचे मुखवटे करणाऱ्या एका कारागिराच्या ओसरीवर थोडा वेळ बसलों. होळीपासून वैशाखापर्यंत जव्हार-मोखाड्याच्या गांवोगांवीं 'बोहाडा' नांवाचा उत्सव होतो. गणपति, सरस्वती, नरसिंह, भीमसेन, रावण अशीं सोंगें रात्रभर मशालींच्या उजेडांत संबळ-सनईच्या तालावर नाचत येतात, आणि शेवटीं देवीच्या हातून महिषासुराचा वध होतो. पूर्वीं मुखवटे लांकडाचे कोरीत. आतां कागदाच्या लगद्याचेही करतात, कारण ते हलके होतात. कोठें कोठें ठराविक सोंग ठराविक घराण्याकडेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें असतें. एका कोपऱ्यांत रावणाचें रंग न दिलेलें तोंड वाळत ठेविलेलें होतें. "रंग दिल्यावर तो रावण होतो, तोंपर्यंत तो आमच्या घरचाच," असें कारागीर म्हणाला.

दुपारचें जेवण वाटाड्याच्या ओळखीच्या एका वारली कुटुंबांत ठरविलेलें होतें. कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात, आणि त्यावर तांदुळाच्या पिठानें रेखिलेला लग्नाचा चौक. चौकाच्या मध्यभागीं पालघट देवता. वारल्यांत हा चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा असतो, आणि तो लिहिल्यावांचून लग्न लागत नाहीं. हीच चित्रकला १९७० नंतर भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनीं ती जगभर नेली. २०११ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली, व २०१८ मध्यें ते वारले. आमच्या घरच्या पडद्यांवर अशाच नाचणाऱ्या आकृति छापलेल्या आहेत. त्या मुळांत कोणाच्या लग्नांतल्या, हें आम्हीं पडदे घेतांना मनांतसुद्धां आणलें नव्हतें.

पानांत नागलीची भाकरी, भात, तुरीचें वरण व एक रानभाजी होती. सर्वांनीं पोटभर खाल्लें. आत्याबाईंनीं भाकरी खाल्ली, भाजीची वाखाणणीही केली. मात्र घरच्या बाईनें लोटा पुढें करतांच त्यांनीं आपला तांब्या उघडला. ती बाई कांहीं बोलली नाहीं. तिनें लोटा मुकाट्यानें बाजूस ठेविला, आणि तो आत्याबाईंस दिसणार नाहीं अशा बेतानें ठेविला. तें आम्हांस दिसलें, आणि जेवण गोड असूनही घांस थोडा अडखळला.

तीनच्या पुढें मोखाड्याच्या रस्त्यास लागलों. वाटेंत काकांनीं हलकेच १९९२ चा विषय काढला. त्या वर्षीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी या भागांत कुपोषणानें व रोगांनीं बालकें दगावलीं, आणि महाराष्ट्राचें लक्ष प्रथमच इकडे वळलें. पुढें जव्हारास अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचें कार्यालय झालें. योजनाही पुष्कळ आल्या. वाटाड्यानें सर्व ऐकून घेतलें व तो म्हणाला, "बाहेरचे लोक आमच्याकडे दोनदांच येतात. एकदां धबधबे पाहायला, आणि एकदां मुलें मेलीं म्हणजे." त्याच्या स्वरांत राग नव्हता. वेळापत्रक सांगावें तसें त्यानें तें सांगितलें. दिवाळीनंतर शेतांत काम उरत नाहीं, म्हणून पाडेच्या पाडे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जगावयास जातात, मुलांची शाळा सुटते, आणि जूनमध्यें सर्व परत येतात, हेंही त्यानें त्याच स्वरांत सांगितलें.

मोखाड्याच्या अलीकडे एका वळणावर मोटार थांबली. रस्त्याच्या कडेनें बायका व मुली एकामागून एक चढण चढत होत्या. प्रत्येकीच्या डोकीवर हंड्यावर हंडा. खालीं दरींत एक विहीर होती, आणि तिच्या कांठावर आणखी कितीतरी हंडे रांगेनें मांडलेले दिसत होते. त्या रांगेंतील एक मुलगी आमच्या मंजूच्याच वयाची, म्हणजे दहा-अकरा वर्षांची असावी. मंजूनें विचारलें, "इकडे पाऊस पडत नाहीं का?"

"पडतो कीं. मुंबईपेक्षां कमी नाहीं. शंभर इंचांच्या आसपास पडतो."

"मग तें पाणी जातें कोठें?"

"तुमच्याकडे," वाटाड्या म्हणाला.

मंजूस ती थट्टा वाटली. मग त्यानें समजावून सांगितलें. हे डोंगर काळ्या कातळाचे. वर माती थोडी, उतार मोठा. झाडी होती तोंवर पाणी थोडें अडत असे. आतां पडलेला पाऊस घटकाभरांत ओढ्यांतून वैतरणेंत जातो. आणि वैतरणेवर मुंबईकरितां एक नव्हे, तीन धरणें आहेत. वरचें ऊर्ध्व वैतरणा. खालचें मोडकसागर, जें स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहाबारा वर्षांतलें. आणि या दोहोंच्या मधलें मध्य वैतरणा, जें मोखाडा तालुक्यांत कोचाळे गांवाजवळ शंभर मीटरांच्याही वर उंच बांधलेलें असून २०१४ मध्यें मुंबईच्या सेवेस रुजू झालें. मुंबईस पाणी पुरविणारे तलाव सात. त्यांपैकीं तीन या एका नदीवरचे. धरणाचें पाणी दरीच्या तळाशीं, पाडे डोंगराच्या माथ्यावर. तें वर चढवावयाचें तर यंत्रें, नळ, वीज व पैसा हवा. तें शहराकडे उतरत जातें, पाड्यांकडे चढत येत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत टँकर येईल त्याची वाट पाहावी लागते. अलीकडे कांहीं पाड्यांवर नळ आले आहेत, कांहीं ठिकाणीं बंधारे झाले आहेत, हेंही त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें. परंतु ही वाट अजून मोडलेली नाहीं.

काका पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आम्हींही कातड्याएवढेंच मागितलें म्हणायचें."

वाटाड्या त्यांच्याकडे पाहूं लागला. काकांनीं पुढें कांहीं सांगितलें नाहीं, व त्याची जरूरही नव्हती. डोंगरांतून शंभर किलोमीटर लांब पसरलेले ते जाड नळ आम्हां सर्वांच्याच डोळ्यांपुढें होते. आत्याबाई मांडीवरच्या तांब्याकडे पाहत होत्या.

संध्याकाळीं मोखाड्यालगतच्या एका गांवीं बोहाड्याची तयारी पाहावयास थांबलों. सोंगांस अवकाश होता. मांडवांत मशाली बांधण्याचें काम चाललें होतें, आणि पोरें संबळाभोंवतीं घोटाळत होतीं. एका घरच्या ओट्यावर आम्हांस बसावयास घोंगडी अंथरली, व त्या घरच्या सुनेनें, रिवाजाप्रमाणें, प्रथम पाण्याचा लोटा आणला. दुपारचा प्रसंग आठवून वहिनी घाईघाईनें म्हणाल्या, "आत्याबाई बाहेरचें पाणी—"

"बाहेरचें कुठलें?" आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनीं लोटा दोन्ही हातांनीं घेऊन पाणी पिऊन टाकलें.

त्या सुनेस यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. तिला आजींस तहान लागली आहे एवढेंच दिसलें, म्हणून तिनें रिकामा होत आलेला तांब्याही भरून देण्याकरितां उचलला. तेव्हां आत्याबाईंनीं त्याच्या तोंडावर तळहात ठेविला. "नको, बाई. तेवढें तुमच्यापाशीं राहूं दे. आमच्याकडे तुमचेंच येतें." सून संकोचानें हंसली, ती कां हंसली हें तिलाही नीट सांगतां आलें नसतें. आमच्यांतील कोणीही त्या वेळीं एकमेकांकडे पाहिलें नाहीं.

पहिलें सोंग गणपतीचें निघालें. मशालींच्या प्रकाशांत तो मुखवटा एकदां पुढें, एकदां मागें असा डुलत आला तेव्हां मुलांनीं आपोआप हात जोडले. महिषासुराचा वध पाहावयास रात्रभर थांबावें लागलें असतें, आणि आत्याबाईंची अट होती. निघतांना काकांनीं वाटाड्यास ठरल्यापेक्षां कांहीं अधिक देऊं केलें, त्यानें ठरले तेवढेच घेतले, व म्हणाला, "पुढच्या वेळीं पावसांतही या आणि उन्हाळ्यांतही या. दोन्ही पाहिल्याशिवाय जव्हार पाहिलें असें होत नाहीं." परत येतांना खोडाळा व विहीगांवावरून कसाऱ्याचा रस्ता धरला. अंधारांत वैतरणेचा पूल ओलांडला. पाणी दिसलें नाहीं. खालीं काळोखांत कोठेंतरी तें होतें, आणि आमच्याच दिशेनें जात होतें.

ज्यांस जावयाचें असेल त्यांच्यासाठीं दोन गोष्टी सांगतों. पावसाळ्यांत व त्यानंतर दाभोसा येथील सुमारें तीनशें फूट उंचीचा धबधबा अवश्य पाहावा. मात्र पाण्यांत उतरण्याचें धाडस करूं नये. 'जय विलास' ही खाजगी वास्तु आहे, तेव्हां आंत जाण्याची परवानगी आधीं विचारावी. वाटाड्या स्थानिकच घ्यावा, व त्यास आपल्याला काय पाहावयाचें आहे हें सांगितल्यावर त्याला काय दाखवावयाचें आहे हेंही विचारावें. आणि मुलें बरोबर असतील तर आपल्या नळाचें पाणी कोठून येतें, हें त्यांस घरीं सांगूं नये. तेथें गेल्यावर, त्या विहिरीच्या वळणावर सांगावें.